ब्रेकमधली हवा काढण्याआधी ती आली कुठून ते पाहावे

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा आमची मोटार अंगणात उभी होती आणि पाणी तिच्या बॉनेटच्याही वर चढले होते. घरातला चिखल उपसणे, भिजलेले धान्य टाकून देणे आणि कागदपत्रे वाळवणे यात पहिले काही आठवडे गेले. गाडीकडे लक्ष गेले ते त्यानंतर. ती ओढून गॅरेजमध्ये नेली. तिथे इंजिन ऑईल, गिअर ऑईल, वायरिंगचा बराचसा भाग, चाकांची बेअरिंगे आणि आतला गालिचा इतके सगळे बदलून गाडी चालू झाली. ते बिल मी जपून ठेवले आहे. त्यात ब्रेक ऑईलची नोंद नाही, आणि गावातल्या प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागलेली असताना ते विचारायचे मलाही सुचले नाही.

त्याचा परिणाम समोर यायला दीड वर्ष लागले. डिसेंबर २०२२ मध्ये कराडहून परतताना गाडीत आम्ही चौघे होतो आणि मागे दोन गुळाच्या ढेपा, शेंगदाण्याचे पोते आणि तांदूळ असे ओझे होते. हेळवाक सोडून कुंभार्ली घाट उतरू लागलो, तेव्हा मी तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि प्रत्येक वळणाच्या आधी बराच वेळ ब्रेक दाबून धरत होते. अर्धा घाट उतरल्यावर पेडल पायाखाली मऊ लागू लागले. पुढच्या वळणावर ते नेहमीपेक्षा खूप खाली गेले, आणि त्याच्या पुढच्या वळणावर दोनतीनदा भराभर पंप केल्याशिवाय गाडीने वेग सोडला नाही. शेजारी बसलेले अप्पा शांतपणे म्हणाले, "दुसरा टाक. आता हँडब्रेक हळूहळू ओढ, एकदम नको." रस्ता जरा रुंद होता तिथे डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली, चाकांपुढे दगड लावले आणि बॉनेट उघडून आम्ही सावलीत बसलो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. त्यांनी लगेच कोणताही निष्कर्ष काढला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी मला पेडल दाबून पाहायला सांगितले, आणि ते पूर्वीसारखे वर आणि घट्ट लागत होते. माझ्या मनात आले की आता सगळे ठीक झाले. अप्पांच्या दृष्टीने मात्र हीच सर्वांत महत्त्वाची खूण होती. ते म्हणाले, "हवा असती तर गार झाल्यावर गेली नसती. ऑईल उकळत होतं." उरलेला घाट आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ ब्रेक न लावता उतरलो, आणि पोफळीला पोहोचेपर्यंत माझे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

हा फरक मला इथे सविस्तर मांडायचा आहे, कारण पेडल मऊ लागले की "ब्रेकमध्ये हवा धरली आहे, काढून टाका" असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते आणि हवा काढली की काम संपले असे मानले जाते. ब्रेकच्या नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो आणि द्रव दाबाने आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. हवा किंवा वाफ मात्र आकसते. समजा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरच्या, पिस्टनचा व्यास २० मिलिमीटर आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंटिमीटर झाले. नळीत १ घनसेंटिमीटर हवा, म्हणजे एका करवंदाएवढा बुडबुडा, अडकला असेल तर तो दाबून चिरडण्यातच पिस्टनचा तीन मिलिमीटरहून थोडा अधिक प्रवास खर्च होतो. पेडलची तरफ चौपटीची असेल तर पायाला तो फरक जवळजवळ सव्वा सेंटिमीटर जाणवतो. अशी तीन करवंदे आत असली की पेडल गाडीच्या तळाला टेकायला वेळ लागत नाही.

ही पोकळी दोन प्रकारे तयार होते. बाहेरून हवा आत शिरते, किंवा आतलेच ऑईल उकळून त्याची वाफ होते. नेहमीच्या मोटारींतल्या ब्रेक ऑईलचे डॉट ३ आणि डॉट ४ हे दोन्ही प्रकार हवेतला दमटपणा शोषून घेतात. कोरडे ताजे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, असे त्यांचे मानक आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात सतत दाबलेल्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या भागात, एवढी उष्णता सहज पोहोचू शकते. गाडी थांबली, चाके गार झाली, की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पेडल जागेवर येते. म्हणूनच हा दोष फसवा आहे: गाडी गॅरेजपर्यंत नेली की तिथे तो दिसत नाही, आणि "तुम्हाला भास झाला असेल" असे ऐकून माणूस परत येतो. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेली ब्रेक ऑईल बदलण्याची दोन वर्षांची मुदत इथे तरी लांबवू नये असे माझे मत आहे. आमच्या गाडीने तर त्याखेरीज पूरही पाहिला होता.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही पाना हातात घेण्याआधी गाडी जागेवर उभी ठेवून तपासणी केली. आधी इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबले, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू केले. पेडल थोडेसे खाली सरकले, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करत होता. तो बिघडला असता तर पेडल मऊ न लागता उलट दगडासारखे कडक लागले असते. नंतर इंजिन चालू ठेवून मी पेडल एकसारख्या जोराने मिनिटभर दाबून धरले. ते तिथेच राहिले. बाहेर कुठेही गळती नसताना या परीक्षेत पेडल हळूहळू बुडत गेले, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजले आहे असे समजावे, आणि मग कितीही हवा काढली तरी उपयोग होत नाही. एका बाजूला ओढणारी गाडी किंवा ब्रेक लावल्यावर थरथरणारे पेडल हे निराळे आजार आहेत. त्यांचा हवेशी सहसा संबंध नसतो.

मग ब्रेक ऑईलच्या टाकीचे झाकण उघडले. नवे ऑईल पाण्यासारखे स्वच्छ किंवा फिक्या पिवळ्या रंगाचे असते. आमच्या टाकीतले ऑईल कोऱ्या चहासारखे होते, आणि बोट घालून चोळल्यावर त्यात बारीक कचकच लागत होती. टाकीवर जी खालची रेघ असते तिच्याही थोडे खाली ते उतरले होते. पातळी हळूहळू उतरण्याचे एक निरुपद्रवी कारण ब्रेक लावल्यावर घासणारे पॅड झिजणे हे असते, परंतु आमचे पॅड जाड होते. म्हणजे ऑईल कुठून तरी बाहेर जात होते.

ते उजव्या मागच्या चाकात सापडले. जमीन सपाट पाहून, पुढच्या चाकांना ओंडके लावून आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर टेकवून आम्ही मागची चाके काढली. डावा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारे ब्रेकचे गोल भांडे, काढला, तर आत कोरडी धूळ आणि पुराचा सुकलेला गाळ होता. उजव्या ड्रममध्ये तोच गाळ ओला होऊन शूला, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, चिकटला होता. शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकावरची रबराची टोपी नखाने उचलली, तशी तिच्यातून तपकिरी ऑईलची धार माझ्या मनगटावर आली. सिलिंडर सोडवून पिस्टन बाहेर काढल्यावर अप्पांनी विजेरी आत मारली आणि मला पाहायला सांगितले. आरशासारखी गुळगुळीत असायला हवी अशी ती भिंत गंजून तिच्यावर मोहरीएवढे खड्डे पडले होते. रबराचा कप या खड्ड्यांवरून जाताना ऑईल बाहेर सोडत होता आणि पेडल सोडताना थोडी हवा आत घेत होता. म्हणजे आमच्या गाडीत एकाच वेळी दोन गोष्टी होत्या, ओले झालेले ऑईल आणि गळणारा सिलिंडर, आणि घाटातल्या अनुभवाने त्यांपैकी पहिलीच उघड केली होती. नुसती हवा काढून गाडी रस्त्यावर आणली असती, तर दोनचार आठवडे ती चांगली चालली असती आणि नंतर कुठे दगा दिला असता ते सांगता येत नाही.

मागचे दोन्ही सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे शू आम्ही नवे घातले. ऑईलने भिजलेले लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, धुऊन, उन्हात ठेवून पुन्हा बसवण्याची पद्धत मी पाहिली आहे, पण लायनरमध्ये मुरलेले ऑईल गरम झाल्यावर परत वर येते; तिथे पैसे वाचवू नयेत. सिलिंडरला जोडलेल्या लोखंडी नळीच्या नटाला साधा उघड्या तोंडाचा पाना लावू नये, एवढे मात्र इथे सांगायला हवे. तो नट मऊ असतो आणि त्याचे कोपरे पहिल्याच झटक्यात गोल होतात. नळी आत जाईल एवढी फट असलेला रिंग पाना यासाठी मिळतो. अप्पांनी मला नट सोडण्याआधी तो किंचित कसून पाहायला लावला. "आधी कस, मग सोड. गंज दोन्हीकडून तुटतो." गंजावरचे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवले होते, आणि नट आवाज न करता फिरला.

आता हवा काढण्याचे काम. अप्पांचे गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून ते चालकाच्या जागेवर बसले आणि पाना घेऊन मी जमिनीवर. एसटीच्या बसमध्ये ब्रेक हवेच्याच दाबावर चालतो. तिथे हवा कमी पडली तर पंचाईत होते, आणि आमच्या या छोट्या गाडीत हवा आली तर पंचाईत होते, असे ते मला समजावून सांगत होते. त्यांच्या पेडलखाली आम्ही फळकुटाचा एक तुकडा ठेवला होता, जेणेकरून ते पूर्ण खाली जाऊ नये. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा सरकतो तेवढाच भाग घासून स्वच्छ राहिलेला असतो. त्याच्या पलीकडे मळ आणि गंज साचतो. पेडल तळापर्यंत दाबले की रबर त्या खरखरीत भागावर जाऊन फाटते, आणि हवा काढायला बसलेला माणूस मास्टर सिलिंडरच निकामी करून उठतो.

टाकीतले जुने ऑईल मोठ्या सिरिंजने ओढून घेतले, टाकी न पिंजणाऱ्या कापडाने पुसली आणि सीलबंद बाटली फोडून त्यात डॉट ४ भरले. आमच्या टाकीच्या झाकणावर तोच प्रकार छापलेला आहे. अर्धी वापरून फडताळात ठेवलेली बाटली या कामाला घेऊ नये, आणि नवी बाटलीही हलवून ओतू नये, कारण हलवल्याने बारीक बुडबुडे होतात. डॉट ५ हे नाव पुढचा आकडा म्हणून अधिक चांगले वाटते, परंतु ते सिलिकॉनचे असते आणि या ऑईलमध्ये मिसळता येत नाही; डॉट ५.१ त्याहून वेगळे आहे. इंजिनचे किंवा दुसरे कुठलेही खनिज तेल चुकून जरी टाकीत गेले तरी ब्रेकची सगळी रबरे फुगून वाया जातात.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करायची असते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आमचा क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा होता. काही गाड्यांत कर्णाच्या दोन चाकांची जोडी असल्यामुळे क्रम वेगळा दिलेला असतो. तेव्हा गाडीसोबत आलेली पुस्तिका काय सांगते ते पाहावे. ब्लीडिंग निपलवरची, म्हणजे चाकापाशी हवा बाहेर सोडायच्या लहान तोटीवरची, रबराची टोपी काढून, तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर आधी रिंग पाना बसवला आणि मग पारदर्शक नळी घातली. नळीचे दुसरे टोक एका बाटलीत थोड्या ताज्या ऑईलमध्ये बुडवून ठेवले, म्हणजे परतीच्या वेळी हवा ओढली जात नाही. निपलपासून नळी आधी वर जावी आणि मग वळून खाली यावी, कारण बुडबुडा नेहमी वर जाऊ पाहतो.

"अप्पा, दाबा."

"दाबलंय. धरलंय."

निपल पाव फेरा सोडला. नळीतून काळपट धार सळसळत बाटलीत उतरली, तिच्यामागोमाग सोडावॉटरसारखे बुडबुडे आले आणि पेडल फळकुटाला टेकले. निपल आवळला, आणि त्यानंतरच "सोडा" म्हटले. हा क्रम एकदा जरी चुकला, म्हणजे निपल उघडा असताना पाय वर आला, तर बाहेर काढलेली हवा परत आत जाते. म्हणून उघडणाऱ्याचे शब्द ठरलेले असावेत आणि दाबणाऱ्याने उत्तर दिल्याशिवाय पाना फिरवू नये. दर पाचसहा वेळांनंतर उठून मी टाकी पाहत होते. टाकी रिकामी पडली तर मास्टर सिलिंडरच हवा घेतो आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. मागच्या डाव्या चाकाला रंग बदलेपर्यंत विसाहून अधिक वेळा दाबावे लागले. आधी कोरा चहा, मग त्यात रबराचे काळे तंतू, मग फिकट होत होत शेवटी बाटलीत ओतले तसेच स्वच्छ ऑईल. पुढच्या चाकांना फारसा वेळ लागला नाही. चारही चाके मिळून एक लिटरला थोडे कमी ऑईल लागले. मडगार्डवर दोन थेंब सांडले, तिथे लगेच तांब्याभर पाणी ओतले. हे ऑईल रंग सोलून काढते, त्यामुळे पाण्याची बादली शेजारी असलीच पाहिजे.

एवढे होऊनही पेडल समाधानकारक नव्हते. ते खूप खाली जाऊन लागत होते. मी पुन्हा नळी जोडायला निघाले, तेव्हा अप्पांनी थांबवले आणि मला आत बसून पेडल दोनदा पाठोपाठ दाबायला सांगितले. दुसऱ्या खेपेला ते बरेच वर लागले, आणि जिथे लागले तिथे ते घट्ट होते. हवा असते तेव्हा पेडल स्पंजसारखे दबत जाते. इथे ते लांबचा प्रवास करून मग एकदम अडत होते. म्हणजे हवा संपली होती आणि नवे शू ड्रमपासून दूर बसले होते. त्यांच्यामधला दातेरी नट आपोआप फिरायला हवा, पण गाळाने तो जाम झाला होता. तो सोडवून, साफ करून, ग्रीस लावून आम्ही हाताने एकेक दात फिरवत गेलो. ड्रम हाताने फिरवताना शू किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत जुळवले, पेडल दाबून शू मध्यभागी आणले आणि पुन्हा तपासले. पेडल आता अर्ध्याहून वर लागू लागले. त्या संध्याकाळी मी नळी जोडून बसले असते, तर आणखी एक लिटर ऑईल घालूनही हा दोष गेला नसता.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हे काम एका मर्यादेपर्यंतच घरी करता येते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत ते आहे. नुसते ऑईल बदलायचे असेल आणि टाकी रिकामी पडू दिली नसेल तर अडचण सहसा येत नाही, परंतु एबीएसच्या पंपात हवा शिरली तर तो पंप संगणकाच्या साहाय्याने चालवावा लागतो. तिथे हट्ट न करता गाडी ओढून न्यावी. आमची गाडी २०१२ ची, त्याशिवायची आहे.

रस्त्यावर नेण्याआधी इंजिन चालू ठेवून मी पेडल पूर्ण जोराने दाबून धरले आणि अप्पांनी वाकता येईल तेवढे वाकून चारही निपल कोरड्या कापडाने पुसून पाहिले. मग अंगणात, मग गल्लीत दहाच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून डाग पडतो का ते पाहिले, आणि टाकीवर मार्करने ओढलेल्या रेघेशी पातळी ताडून पाहिली. जुने ऑईल परसात किंवा गटारात न ओतता बंद डब्यात भरून गॅरेजमध्ये दिले. आमची विहीर परसापासून वीस पावलांवर आहे.

जानेवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा कराडला गेलो आणि तेवढेच ओझे घेऊन कुंभार्ली उतरलो, या वेळी हेळवाकपासूनच दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडत. पोफळीला चहासाठी थांबलो. अप्पा खाली उतरण्याआधी माझ्या जागेवर येऊन बसले, पेडलवर पाय ठेवून बराच वेळ दाबून धरले, मग बॉनेट उघडायला सांगितले. ऑईल रेघेवरच होते.